पाना बसला म्हणून

किहीमच्या वाडीतल्या एमजी गाडीचं जे नुकसान झालं, त्यात गंजाचा आणि वाळवीचा वाटा निम्मा धरा. उरलेला निम्मा माझा. गंजाला त्यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. मी माझं काम एका हिवाळ्यात उरकलं. मी एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालो, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला इंजिनातलं काही कळत नाही, त्याच्या हातून एवढं नुकसान झालंच नसतं. त्याने बॉनेट उघडून बघितलं असतं, मान हलवली असती आणि कुणालातरी विचारलं असतं.

गाडी मूळची मुंबईच्या एका पारशी शेठजींची. अलिबागजवळ किहीमला त्यांचा बंगला आणि नारळी-सुपारीची वाडी होती. वाडीची देखभाल माझे वडील करत. गाडी १९५२ची एमजी टीडी. वरून उघडी, पुढे लांबलचक बॉनेट, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फुटबोर्ड, पाठीमागे उभी पेट्रोलची टाकी आणि टाकीला टेकून स्टेपनी. दरवाज्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे ते उलटे उघडायचे. आम्ही पोरं तिला ‘दोन माणसांची गाडी’ म्हणायचो आणि हळहळायचो. एवढ्या लांब गाडीत आमच्याकडची निदान नऊ माणसं बसली असती.

शेठजी वारले, मुलं परदेशात स्थायिक झाली आणि गाडी छपराखाली गेली ती तिथेच राहिली. वडिलांनी तिच्यावर गोणपाट टाकलं होतं. पुढे वाडीकडे बघायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी गोणपाट फेकून निळं प्लास्टिक घातलं आणि सुतळीने आवळून बांधलं. मला वाटलं, गाडीची काळजी घेतोय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो, वर समुद्राचा खारा वारा. गोणपाटातून निदान हवा खेळत होती. प्लास्टिकच्या आत ओल कोंडली आणि रात्रभर थेंब थेंब पत्र्यावर ठिबकत राहिली. गोणपाटाखाली गाडी नुसती जुनी होत होती. गंजायला ती प्लास्टिकखाली लागली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ज्यांच्या बागा आडव्या झाल्या त्यांना ती तारीख सांगायला नको. आमच्या छपराचे पत्रे उडाले, एक माड गाडीला हातभर सोडून पडला. शेठजींच्या मुलाने फोनवर सांगितलं, भंगारात द्या नाहीतर तुम्हीच ठेवा. रीतसर कागद करून मी ठेवली. निवृत्ती, टाळेबंदी आणि हत्यारांची भरलेली पेटी, एवढं सगळं एका वेळी हाताशी आलं की माणसाला आपण कशासाठी जन्मलो ते कळल्यासारखं वाटतं.

माझा पुतण्या आयटीआय झालेला. चोंढीला त्याचं मोटरसायकलचं छोटं गॅरेज आहे. त्याने मोबाइलवर गाडीची सगळी कुंडली काढली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळची ऑक्सफर्डची. टीडी मॉडेल १९४९ ते १९५३ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलं, एकूण २९,६६४ गाड्या, त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. गाड्यांचे क्रमांक एकपासून सुरू न होता ०२५१ पासून सुरू झाले, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. मी म्हटलं, “टेलिफोन नंबराने इंजिन सुटतं का?” तो गप्प बसला. पुढचं तो वाचून दाखवणार होता त्यात माझ्या उपयोगाचं बरंच होतं, पण मी त्याला वाचू दिलं नाही.

इंजिन जाम होतं. हँडल घातलं, हललं नाही. प्लग काढून सिलेंडरमध्ये डिझेल ओतलं. पुतण्या म्हणाला, “काका, तेल घालून महिनाभर विसरून जाऊ. मधूनमधून हँडलला हलका हात लावू. आणि आधी वरचं कव्हर काढून व्हॉल्व्ह मोकळे आहेत का बघू.” मी त्याला दिलेलं उत्तर आजही आमच्या घरात मला ऐकवलं जातं: “तू जन्मायच्या आधीपासून मी लेलँडची इंजिनं सोडवतोय.” हे खरं होतं. फक्त ती इंजिनं आदल्या दिवसापर्यंत चालत होती.

बसचं इंजिन जाम होतं ते पाणी किंवा ऑइल संपून, तापून. गार झालं की पुष्कळदा सुटतं. इथे मामला वेगळा होता. रिंगा ओतीव लोखंडाच्या, सिलेंडर ओतीव लोखंडाचा, मध्ये खारी ओल; दोन्ही गंजून एकमेकांना धरून बसलेली. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमचा. जोर लावला तर तिघांत तोच तुटणार. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शिकाऊ पोरांना मी फळ्यावर चित्र काढून हेच शिकवायचो.

दुसऱ्याच सकाळी ओळखीच्या माणसाची पिकअप बोलावली. दोर बांधला, गाडी टॉप गिअरमध्ये घातली, क्लच दाबून धरला आणि ओढायला सांगितलं. वेग आल्यावर क्लच सोडला. मागची चाकं फिरलीच नाहीत, फरफटत गेली. रेताड रस्त्यावर दोन चर पडले. इंजिन नाही म्हणत होतं, इतकं स्पष्ट की वाडीतल्या गड्यालाही समजावं. मी पिकअपवाल्याला म्हटलं, “जरा जोरात.” पुन्हा क्लच सोडला. या वेळी चाकं फिरली. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत सुपारी फुटावी तसा एक कोरडा आवाज झाला, तो मी ऐकला. पुतण्यानेही ऐकला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

हेड उतरवलं. तिसऱ्या नंबरचा पिस्टन रिंगेच्या खोबणीपाशी तुटला होता आणि तुकड्याने सिलेंडरला उभा ओरखडा पाडला होता. दोन व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून बसलेले. त्यांचे पुशरॉड वाकले होते. इंजिन तसं लहानसं, १२५० सीसी, ५४ अश्वशक्ती, बोअर साडेसहासष्ट मिलिमीटर. पण हे पिस्टन मुंबईच्या नागदेवी बाजारात टांगलेले मिळत नाहीत. या गाड्यांचे पार्ट इंग्लंडमध्ये अजून बनतात, तिथून मागवावे लागले, वर कस्टमची ड्यूटी भरली. ब्लॉक पिकअपमध्ये घालून मांडव्याहून रोरो बोटीने मुंबईला नेला, लायनर बसवून बोअर करून आणला. सगळे मिळून जे पैसे गेले त्यात पुतण्याने गॅरेजवरची बरी मोटरसायकल विकत दिली असती. महिनाभर कळ काढली असती तर बहुधा डिझेल आणि ऑइल एवढ्याच खर्चात भागलं असतं.

ब्लॉक मुंबईला असताना मी स्वस्थ बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी बॉडी उतरवायला घेतली. या गाडीची बॉडी नुसत्या पत्र्याची नाही. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा ठोकलेला. इंग्रजांनी तो ॲशच्या लाकडाचा केला होता आणि किहीमच्या वाळवीला तो आवडला होता. मी चेन ब्लॉक लावला, चेसिसचे बोल्ट काढले आणि बॉडी सरळ वर उचलली, बसची जुनी सीट उचलावी इतक्या बेफिकिरीने. उचलण्याआधी दरवाज्यांच्या जागी आडव्या पट्ट्या ठोकून चौकट पक्की करायची असते. ते न केल्यामुळे सांगाडा मधोमध फाकला. दरवाजे त्यांच्या जागेपेक्षा दोन बोटं लहान झाले. मूळ मापं घेतली होती का, असं पुतण्याने विचारलं. नव्हती घेतली. फोटो काढले होते का? तेही नाही. सांगाड्याचं काम शेवटी होड्या बांधणाऱ्या एका सुताराने केलं. त्याला कागदावरचं माप लागलंच नाही. डाव्या-उजव्या बाजूच्या उरल्यासुरल्या लाकडावरून त्याने वळण ओळखलं आणि सागवानात सांगाडा उभा केला. मला तो फक्त एवढंच म्हणाला, की होडीसुद्धा आम्ही टेका लावल्याशिवाय हलवत नाही.

आता पान्याची गोष्ट. ही सांगायला मला सगळ्यांत जड जाते, कारण इथे घाई नव्हती, बघे नव्हते, टाळ्या नव्हत्या. मी एकटा, दुपारची वेळ, हातात स्वच्छ केलेला ब्लॉक.

जुने बोल्ट गंजून गेले होते, नवे हवे होते. बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा पाना चपखल बसत होता. व्हिटवर्थ म्हणजे इंग्रजांची जुनी मापं. आमच्या जुन्या वर्कशॉपमध्ये ते पाने होते, मी ते जपून ठेवले होते, आणि ते बसले याचा मला कोण अभिमान वाटला. पाना इंग्रजी, म्हणजे बोल्ट इंग्रजी, म्हणजे आटेही इंग्रजी. नागदेवीवरून पाच-सोळांश इंचाचे बारीक आट्यांचे बोल्ट आणले. पहिला बोल्ट हाताने दीड-दोन फेरे गेला आणि अडला. चांगला आटा हाताने शेवटपर्यंत जातो. अडला तर उलटा काढून बघायचं, हे फिटरच्या पहिल्या आठवड्यातलं शिक्षण. मला वाटलं, भोकात गंज असेल. म्हणून त्या मापाचा टॅप घेतला आणि एकेक भोक ‘साफ’ करत गेलो. टॅप कचकच करत चकचकीत लोखंडाचा चुरा काढत होता. गंजाचा चुरा तांबडा असतो. चकचकीत चुरा म्हणजे आपण नवं लोखंड कापतोय, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि माझे हात टॅप फिरवत होते.

झालं होतं असं, की मॉरिस कंपनीने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला ऑचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मिलिमीटरची. ती मोडीत काढण्याऐवजी त्यांनी आटे मिलिमीटरचेच ठेवले आणि इंग्रज मिस्त्र्यांचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली. तीच रीत पुढे या इंजिनात उतरली. म्हणजे डोकं इंग्रजी, अंग फ्रेंच. आठ मिलिमीटर आणि पाच-सोळांश इंच यांत केसाएवढा फरक. पण आट्यांच्या अंतरात फरक आहे, आणि तेवढा पुरतो. मी टॅप मारलेल्या भोकांत शेवटी ना इंग्रजी बोल्ट धरेना, ना फ्रेंच. टेलिफोन नंबराची गंमत सांगून झाल्यावर पुतण्या मला नेमकं हेच वाचून दाखवणार होता.

ती भोकं मोठी करून लेथवर केलेले बुश बसवावे लागले. काम चांगलं झालं, ऑइल गळत नाही. पण सत्तर वर्षं ज्याला कुणी हात लावला नव्हता त्या ब्लॉकवर आता माझ्या हाताच्या खुणा कायमच्या आहेत. वादळाने, वाळवीने, खाऱ्या हवेने जे केलं ते भरून निघालं. हे भरून निघालं नाही, बुजवलं गेलं.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. या गाडीला प्लस अर्थ आहे. मी जन्मभर केलं तसं मायनस बॉडीला जोडलं. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांत रेग्युलेटरच्या पेटीतून धूर आला. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कुठला ते बघितलं असतं तर धूर आला नसता. एवढंच.

ब्रेकचं मात्र थोडक्यात सांगता येणार नाही, कारण शेजारी पुतण्या बसला होता.

एसटीच्या बसला हवेचे ब्रेक. या गाडीला ऑइलचे, लॉकहीड कंपनीचे, आतली रबरं जुन्या पद्धतीची. ब्रेकचं ऑइल कमी दिसलं म्हणून मी पेटीतल्या बाटलीतून भरलं. बाटलीत जॅकचं ऑइल होतं. ते खनिज तेल. ब्रेकच्या रबरांना ते लागलं की रबरं फुगतात. लगेच नाही, काही दिवसांनी. त्या दिवसांत गाडी अंगणात पुढे-मागे झकास चालत होती आणि मी लोकांना चहा पाजत होतो.

मग एका रविवारी सकाळी आम्ही चोंढीवरून कार्लेखिंडीकडे निघालो. चढाला गाडी दम टाकायला लागली. मला वाटलं, नवीन रिंगा आहेत, इंजिन अजून मोकळं झालेलं नाही. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. पुतण्या म्हणाला, “काका, जळका वास येतोय.” मी म्हटलं, “नवा रंग तापलाय.” रबरं फुगून ब्रेक धरलेलेच राहिले होते आणि मी धरलेल्या ब्रेकवर गाडी चढवत होतो. खिंड ओलांडून पोयनाडच्या बाजूला उतार लागला आणि ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा पेडल सरळ खाली गेलं; तापून आतलं ऑइल उकळलं होतं. समोरून वाळूचा डंपर येत होता. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि ती एका शेताच्या बांधाला टेकून थांबली. पुढचा बंपर वाकला. आम्हाला काही झालं नाही. पुढची दोन्ही चाकं धुरात होती.

पुतण्या उतरला, चाकांवर पाणी मारू नका एवढं म्हणाला, आणि फोन करून त्याने टेम्पो मागवला. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. पुढचे रविवार तो आला नाही. मी गाडीकडे बघत बसायचो आणि प्रथमच हिशोब करायचो: प्रत्येक वेळी तो बोलला होता आणि प्रत्येक वेळी मी नोकरीची वर्षं पुढे केली होती. माझा अनुभव खोटा नव्हता. तो दुसऱ्या गाडीचा होता.

शेवटी मीच चोंढीला त्याच्या गॅरेजवर गेलो. तो एका स्कूटरचा कार्बोरेटर साफ करत होता. मी स्टुलावर बसलो आणि विचारलं, “ब्रेकला कोणतं ऑइल लागतं?” वयाच्या त्या टप्प्यावर असा प्रश्न विचारायला जीभ जड होते. त्याने सांगितलं, आणि सगळी रबरं बदलायची, सगळ्या पाइपलाइनी धुवायच्या हेही सांगितलं. त्यानंतर गाडीचं काम त्याच्या सांगण्याप्रमाणे झालं. मी पाने पुसून हातात देत गेलो.

मधल्या काळात एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला होता, कशाला ही कटकट, मारुतीचं इंजिन टाका. मी ऐकलं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, रोजच्या वापराला मनाई, आणि अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसावा. मारुतीचं इंजिन टाकलं असतं तर ती वाटच बंद होती. कुणाचं न ऐकण्याच्या माझ्या सवयीच्या जमेला एवढी एकच नोंद आहे.

गाडी आता चालते. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते आपल्या हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या कार्बोरेटरचे कॉर्कचे सील खातं. हेही मी एका पावसाळ्यात पेट्रोल तसंच ठेवून शिकलो. वर प्लास्टिक घालत नाही, सुती कापड घालतो.

मागच्या वर्षी चौलहून एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांची मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड वाडीत उभी आहे. इंजिन जाम आहे, पिकअप लावून ओढून बघू का, असं विचारत होते. मी सल्ला दिला नाही. बिलांची फाइल त्यांच्या हातात दिली आणि पुतण्याचा फोन नंबर दिला. तुमच्याही वाडीत अशी एखादी गाडी उभी असेल तर ओढण्याआधी किहीमला येऊन ती फाइल चाळून जा. वाचायला पैसे पडत नाहीत. तयार करायला पडले.